आयईएचा ग्लोबल मिथेन ट्रॅकर: सोलापूरकराचा रिव्ह्यू, 5 पैकी 4

कुठल्या देशातून, कशातून किती मिथेन हवेत जातो याचा हिशोब मांडणारा आंतरराष्ट्रीय ऊर्जा एजन्सीचा (आयईए) हा ट्रॅकर ऑनलाइन आहे, बघायला पैसे लागत नाहीत, फक्त सगळं इंग्रजीत आहे. मिथेन म्हणजे तोच ओ, गोबरगॅसमधला जळणारा गॅस. हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो पण 20 वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा 80 पट जास्त तापवतो, म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसणार, आणि मे महिन्यात सोलापुरात राहणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

मला सगळ्यात आवडलं ते हे की सरकारं सांगतात त्यावर हा डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. 2022 च्या आवृत्तीत ऊर्जा क्षेत्रातला मिथेन देशांनी अधिकृत सांगितलेल्या आकड्यापेक्षा 70 टक्के जास्त निघाला, 70 टक्के! 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ग्लोबल मिथेन प्लेज, म्हणजे मिथेन कमी करायची देशांची शपथ, झाली, 2030 पर्यंत 2020 च्या तुलनेत 30 टक्के कपात, दीडशेच्या वर देश त्यात आहेत, पण सही केली म्हणून गॅसच्या पाइपातली गळती थांबत नाही ना, ती कुणीतरी बाहेरून मोजायलाच पाहिजे.

आता भारत निवडा. शेतीचा आकडा लई मोठा, बाकी सगळं त्यापुढं बारीक. आपण प्लेजवर सही केलेली नाही, आणि मला ते पटतं, कारण आपला बहुतेक मिथेन गुरांच्या रवंथातून आणि भातखाचरातून येतो, दोन पंढरपुरी म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला तेल कंपन्यांच्या रांगेत उभं करणं बरोबर नाही.

एक स्टार कापला तो इथंच. तेल, गॅस, कोळसा यांची बारीक फोड मिळते, शेतीचा मात्र एकच गठ्ठा आकडा. आपल्याकडं एनटीपीसीचं कोळशावरचं वीज केंद्र आहे म्हणून कोळसा उघडाल तर तो मिथेन खाणीत निघतो, वीज केंद्रात नाही. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) आणि प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) यांपासून गॅस बनवता येतो, त्यातलं काही इथं शोधू नका. कचरा डेपोंचं बघायचं असेल तर क्लायमेट ट्रेस या दुसऱ्या साइटचा प्रदूषणाचा नकाशा उघडा, तोही फुकट आहे. भूगोलाच्या आणि पर्यावरणाच्या मास्तरांनी हे दोन्ही वर्गात नक्की दाखवा.