गिअरबॉक्स उतरवण्याआधी ती नळी बघा

आपल्या खान्देशात जुन्या ऑटोमॅटिक गाड्या मोजक्याच, त्यामुळे त्या समजणारे मिस्त्रीही मोजकेच. पण 'आम्ही करतो ना' म्हणणारे मात्र हायवेला भरपूर आहेत. आमच्या घरच्या १९८८ च्या मर्सिडीज ३०० ई चं जे झालं ते मुद्दाम सविस्तर लिहितोय. अशी गाडी बाळगणाऱ्याला उद्या हेच सगळं जसंच्या तसं ऐकवलं जाणार, याची मला खात्री आहे.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. चाळीसगावहून औट्रम घाट चढताना गिअर पडला की जोराचा हिसका बसायला लागला. सायलेन्सरमधून पांढुरका धूर येत होता. गिअरबॉक्सचं ऑईल कमी होत होतं, पण गाडी लावतो त्या फरशीवर एक थेंब दिसत नव्हता. या तीन तक्रारी एकत्र लक्षात ठेवा.

जळगावजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली आणि सांगितलं, "अण्णा, फस्ट गेला. गाडी सेकंडवरच उठून राहिली. बॉक्स उतरवल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

गाडी सेकंडवर उठते हे खरंच आहे, पण तो बिघाड नाही. या गाडीचा चार गतींचा ७२२.३ गिअरबॉक्स बनवलाच तसा आहे. हलक्या पायाने निघालात तर तो दुसऱ्या गिअरवर सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की पहिला पडतो. म्हणजे धडधाकट गाडीचा गुण दाखवून तिला आजारी ठरवलं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, कारण गाडीच्या मालकाला ते समोर दिसतं आणि पटतं.

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली. एस्टिमेट नाही, जॉबकार्ड नाही. बॉक्स उतरला की गाडी तिथेच अडकते, आणि पुढचं सगळं बोलणं त्यांच्या मर्जीने होतं. मग अण्णांना एका ट्रेमध्ये काळं ऑईल आणि त्यात लोखंडाचा कीस दाखवला. लांब, गुंडाळलेला, चकचकीत. असा कीस लेथखाली पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झिजतो तेव्हा चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑईलच्या भांड्याच्या, तळाशी बारीक काळसर गाळ बसतो, क्लचप्लेटा जळाल्या असतील तर ऑईलला करपट वास येतो. आतलं काही तुटलंच तर लोखंडाचे तुकडे सापडतात, पण अशा वेटोळ्या नाहीत.

"हा दुरुस्त करण्यात अर्थ नाही, मुंबईहून दुसरा मागवतो," असं सांगून १,६५,००० रुपये घेतले. बिल मागितलं तर 'जीएसटीचे १८ टक्के कशाला घालवता' म्हणून वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली. गाडी परत आली तेव्हा बॉक्स चंदेरी स्प्रे मारून नव्यासारखा केलेला. हिसका तसाच. "नवीन आहे अण्णा, बसायला वेळ लागतो." धूरही तसाच. त्यावर उत्तर तयार होतं: आता इंजिनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल.

तिथून गाडी उचलून आम्ही धुळ्याच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून गिअरबॉक्सला जोडलेली एक बारीक रबरी नळी ओढून काढली आणि बोटावर धरली. त्यातून लाल ऑईल ओघळलं. बस, निदान झालं.

ही नळी इंजिनचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, मॉड्युलेटरपर्यंत नेते. मॉड्युलेटर म्हणजे मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी, आत पातळ पडदा. इंजिनवर लोड किती आहे हे गिअरबॉक्सला या व्हॅक्यूमवरून कळतं: व्हॅक्यूम जास्त म्हणजे पाय हलका, मग आतला दाब कमी आणि गिअर मऊ पडतो. पडदा फाटला की व्हॅक्यूम टिकत नाही. बॉक्सला वाटतं इंजिनवर पूर्ण लोड आहे, दाब वाढतो आणि प्रत्येक गिअर दणका देत पडतो. शिवाय त्याच फाटक्या पडद्यातून इंजिन गिअरबॉक्सचं ऑईल ओढून जाळत राहतं. हिसका, धूर, फरशीवर न सांडता कमी होणारं ऑईल, तिन्हींचं मूळ एकच. डबी बाहेरूनच बदलता येते, त्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. आमची बदलली आणि हिसका गेला. साठलेलं ऑईल जळून गेल्यावर धूरही थांबला.

आणि 'मुंबईचा' बॉक्स? चेंबरच्या लगेच वर, बॉक्सच्या बॉडीच्या कडेवर गिअरबॉक्सचा नंबर कोरलेला असतो. गाडी घेताना आम्ही त्याचा फोटो काढून ठेवला होता. स्प्रे खरवडल्यावर खालून तोच नंबर निघाला.

तुमची गाडी गिअर उशिरा किंवा आदळत टाकत असेल तर आधी ऑईल बघा. गाडी सपाट जागेवर, गरम, इंजिन चालू, लिव्हर 'पी' म्हणजे पार्कवर. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. दोन खुणांमध्ये साधारण ३०० मिलीचाच फरक असतो, त्यामुळे डोळे झाकून ओतू नका. मग ती नळी. मग अ‍ॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला येणारी केबल, कारण तिचं सेटिंग बिघडलं तरी गिअर चुकीच्या वेळी पडतात. हे तिन्ही तुमच्यासमोर बघितल्याशिवाय बॉक्सच्या बोल्टला पाना लावू देऊ नका, आणि उतरवायची वेळ आलीच तर आधी नंबरचा फोटो काढा.

आम्ही नोटीस पाठवली आहे, तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात देतोय. पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, मुदत २ वर्षांची असते, आणि सुरुवातीला विचारायला १९१५ ही हेल्पलाइन आहे. कुणाकडे याच पद्धतीने 'बदललेला' गिअरबॉक्स असेल तर आजच गाडीखाली जाऊन नंबर ताडून बघा आणि त्या वहीच्या पानाचासुद्धा फोटो काढून ठेवा.