दीड लाख मैल चाललेली बॉक्स्टर, पस्तीस हजार चाललेली बॉक्स्टर, की सरळ मियाटा?

न्यू जर्सीत राहताय, मुलं जरा मोठी झालीयेत, गराजमध्ये एक जागा रिकामी आहे आणि दहा-पंधरा हजार डॉलरमध्ये एखादी मॅन्युअल टू-सीटर घ्यावी असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय, तर हे तुमच्यासाठी. या बजेटमध्ये जी खरी स्पोर्ट्स कार मिळते ती वीस-पंचवीस वर्षांची असते, त्यामुळे "जुनी नको" म्हणून चालतच नाही, प्रश्न फक्त कुठली जुनी हा उरतो.

हवेत गप्पा नकोत म्हणून तीन गाड्या समोर ठेवतो, अशा जाहिराती थोडं शोधलं की सापडतात. पहिली, २००१ ची पोर्शे बॉक्स्टर एस, १ लाख ४० हजार मैल, तीन मालक झालेले, पण सोबत पावत्यांची जाडजूड फाइल. दुसरी, तीच गाडी, तेच साल, फक्त ३५ हजार मैल, एकच मालक, कायम कव्हर घालून गराजमध्ये, आणि भाव पहिलीपेक्षा चार-पाच हजारांनी जास्त. तिसरी, २००२ ची माझदा मियाटा, १ लाख २० हजार मैल, पहिल्या बॉक्स्टरपेक्षाही बरीच स्वस्त.

दहापैकी नऊ जण दुसरीकडे धावतात. मी दुसरी सगळ्यात शेवटी बघेन.

कारण सांगतो. या काळातल्या बॉक्स्टरचं नाव काढलं की लोक आधी आयएमएस बेअरिंग म्हणतात, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. इंजिनमध्ये एक इंटरमीडिएट शाफ्ट (हाच तो आयएमएस) असतो, क्रँककडून आलेली गती तो चेनने कॅमशाफ्टकडे पोचवतो, आणि त्याच्या एका टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय ज्याच्या आत ग्रीस भरलेलं असतं. वर्षं गेली की सील कडक होतं, इंजिन ऑइल हळूहळू आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, पण ताजं ऑइल मात्र आत-बाहेर नीट फिरत नाही, म्हणजे ते बेअरिंग जुन्या, ओलावा धरलेल्या ऑइलमध्येच भिजत बसतं. ते तुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ, गेलं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि इंजिन संपलं. आता बघा, हे सगळ्यात जास्त कोणाला बाधणार? जी गाडी वर्षाला हजार मैल चालते, कोपऱ्यावर जाऊन इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत परत येते आणि "चाललीच कुठे एवढी" म्हणून तीन-तीन वर्षं ऑइल बदललं जात नाही तिला. रोज हायवेला तासभर गरम होऊन पळणारी आणि दर पाच हजार मैलांना ऑइल बदललेली गाडी त्या मानाने सुरक्षित. गावाकडचं कुलूप लावून ठेवलेलं घर जसं राहत्या घराआधी खचतं, तसंच आहे हे.

सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग डबल रो, म्हणजे गोळ्यांच्या दोन ओळींचं, होतं, ते जास्त टिकाऊ. नंतर सिंगल रो आलं, तेच जास्त बदनाम, आणि २०००-०१ च्या आसपासच्या गाड्यांत दोन्ही सापडतात, त्यामुळे नुसत्या सालावरून छातीठोक सांगता येत नाही. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ मधल्या गाड्यांसाठी अमेरिकेत क्लास अॅक्शन केस झाली, २०१३ मध्ये सेटलमेंटही झालं, पण त्यातून आज तुम्हाला दमडी मिळणार नाही.

मग पहिल्या गाडीत बघायचं काय? फाइल. क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो आणि बेअरिंग बरोब्बर त्याच्या मागे असतं, म्हणून शहाणा मालक क्लच, आयएमएस आणि रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) एकाच वेळी करून घेतो. चांगल्या इंडिपेंडंट गराजमध्ये या कामाचे साधारण अडीच ते चार हजार डॉलर जातात. १ लाख ४० हजार मैल चाललेल्या गाडीचा क्लच एकदा तरी झालेला असतोच, म्हणजे फाइलमध्ये ही पावती असेल तर तुमचे तीन हजार आधीच्या कोणीतरी भरलेत. पस्तीस हजारवालीचा क्लच कंपनीचाच असणार, बेअरिंगही कंपनीचंच, आणि ते पंचवीस वर्षांचं झालंय. चार हजार जास्त देऊन घ्यायची आणि वर हे तीन हजार घालायचे, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

बेअरिंग सोडलं तरी उभ्या गाडीचा त्रास वेगळाच असतो. टायर बघायला सांगा कोणाला, तो खाचा बघून "अरे नवीच आहेत" म्हणणार. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वाचायचे, २३१४ लिहिलं असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला, रबर दगड झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर वळणात सरळ निघून जाईल. कूलंटची टाकी प्लॅस्टिकची, ती मैलांनी नाही तर वयानेच तडकते. मऊ छताचं पाणी जायच्या बारीक नळ्या पाल्याने तुंबतात, पाणी आत उतरतं आणि ड्रायव्हरच्या सीटखाली किल्ली ओळखणारं इमोबिलायझरचं मॉड्यूल आहे ते भिजतं, मग किल्ली फिरवा नाहीतर देवाचा धावा करा, गाडी चालू होत नाही. अजून एक गंमत, डिकीची कुलपं विजेवर चालतात आणि बॅटरी असते पुढच्या डिकीत. बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. फ्यूज बॉक्समधून करंट देऊन उघडता येतं, पण ज्याच्यावर पहिल्यांदा ही वेळ येते तो जर्मन इंजिनिअरांना जे काही ऐकवतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

आता मैल खरे कसे होते ते बघायची एक भारी युक्ती. २००० आणि नंतरच्या बॉक्स्टरच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं तेही असतं, पोर्शेचं काम करणारा कुठलाही बरा मेकॅनिक लॅपटॉप लावून काढून देतो. मैल भागिले तास करा. १ लाख ४० हजार मैल आणि ३,५०० तास म्हणजे सरासरी ताशी ४० मैल, टर्नपाइकवर सरळ पळालेली गाडी. ३५ हजार मैल आणि १,९०० तास निघाले तर सरासरी ताशी १८, म्हणजे सिग्नलला उभी राहून राहून दमलेली. ओडोमीटरवर चौपट फरक दिसतो, तासांत जेमतेम दुप्पट, आणि थंड इंजिन चालू करायचा मार तर दुसरीनेच जास्त खाल्लेला असू शकतो. त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंद असते, त्यातली दुसरी रेंज महत्त्वाची, कारण पहिल्या रेंजला रेव्ह लिमिटर आवरतो पण कोणी पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात घातली तर लिमिटर काही करू शकत नाही. अशा नोंदी बऱ्याच असतील, त्यातही अलीकडच्या तासांतल्या, तर गाडी कितीही चकाचक असली तरी सोडा.

मेकॅनिककडे नेलीच आहे तर ऑइल फिल्टर काढून कागदाच्या घड्या दिव्याखाली उलगडून बघायला सांगा. तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे दिसले तर घाबरू नका, ते चेनच्या गाइडचे, जुन्या गाडीत असतातच. चांदीची भुकटी पडल्यासारखं चमकलं तर मात्र हात जोडायचे आणि घरी यायचं. या सगळ्या तपासणीला काहीशे डॉलर पडतात. विकणारा "तपासणीला देणार नाही" म्हणाला तर तेही फुकटात मिळालेलं उत्तरच समजा.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं हे आधीच फोनवर सांगून ठेवा. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे दडलेलं, बॉनेट उघडून हात लावायची सोय नाही, म्हणून एक्झॉस्टच्या टोकाला हात लावून बघायचं. चालू करताना निळसर धुराचा एक छोटा फुसका निघाला तर ठीक, आडव्या सिलिंडरच्या इंजिनाची ती सवयच आहे. पण पांढऱ्या धुराने शेजारच्याचं अंगण भरलं तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा पार्ट) गेला, पार्ट फार महाग नाही, जागा अडचणीची असल्याने मजुरी मात्र चांगलीच लागते.

मियाटाकडे येऊ. हिची तक्रार कमी म्हणून हिच्यावर लिहायलाही कमी. १.८ लिटरचं साधं चार सिलिंडर इंजिन, वजन जेमतेम १,०५०-११०० किलो, आणि टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते, टो ट्रक बोलवा, बेल्ट घाला, चला घरी. बेल्टचं काम ६० हजार मैलांनी धरलेलं असतं, म्हणजे १ लाख २० हजारवालीचे दोन झालेले हवेत, पावती नसेल तर झालेले नाहीत असंच धरायचं. पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात, शनिवारी ड्राइव्हवेवर बसून तुम्ही स्वतः अर्ध्याअधिक गोष्टी करू शकता.

मियाटाला इंजिन खात नाही, गंज खातो. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात हे विसरू नका. मागच्या चाकाच्या पुढे दाराखालची जी पट्टी असते तिथे बोटाने दाबून बघा, छताच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून बाहेर येतो, बाहेरून फुगवटा दिसला म्हणजे आतलं केव्हाच गेलंय. पुढच्या फ्रेम रेल (सांगाड्याच्या लांब पट्ट्या) गाडीखाली टॉर्च घेऊन शिरून बघाव्याच लागतात. मैल कितीही असोत, दक्षिणेतून आलेली कोरडी गाडी मिळाली तर मी तीनशे मैल लांब जाऊन आणेन. बॉक्स्टरची बॉडी गॅल्व्हनाइज्ड, त्यामुळे या एका बाबतीत ती निवांत.

चालवायला कुठली भारी, हे विचारणारच तुम्ही. बॉक्स्टर एसचं ३.२ लिटरचं इंजिन २५० हॉर्सपॉवर, मियाटा १४० च्या आसपास. बॉक्स्टर शून्य ते शंभर किलोमीटर सहा सेकंदांच्या आत, मियाटाला आठेक लागतात. बेअर माउंटनजवळच्या सेव्हन लेक्स ड्राइव्हवर वळणं एकामागून एक येतात तिथे मियाटा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पिळून काढता येते आणि तरी लायसन्स शाबूत राहतं, बॉक्स्टर त्याच वळणांवर "एवढंच का?" असं विचारते. पण लांबच्या प्रवासाला, हायवेच्या आवाजाला, आणि मधल्या इंजिनामुळे वळणात गाडी आपल्याभोवती फिरल्यासारखी वाटते त्या सुखाला, बॉक्स्टरला तोड नाही, हे कबूल केलंच पाहिजे. शिवाय तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या, ओक ट्री रोडवरचा आठवड्याचा भाजीपाला आरामात बसतो. मियाटात भाजी बसते, मग पाहुण्यांची बॅग नाही.

खर्चाचं गणित मी असं करतो. बॉक्स्टर घ्यायची तर गाडीची किंमत अधिक चार हजार डॉलर बाजूला, आणि हे चार हजार बँकेत खरंच पडलेले हवेत, "बोनस आला की बघू" नाही. मियाटासाठी दीड हजार पुरेत. टायरचंच बघा, बॉक्स्टर एसला पुढे २०५ आणि मागे २५५ रुंदीचे, मियाटाचे चारही सारखे आणि छोटे, चार मिळून बिलात चांगलाच फरक पडतो. बॉक्स्टर प्रीमियमच पिते. आपल्याकडे पेट्रोल स्वतः भरता येत नाही, पंपावरच्या माणसाला "प्रीमियम" दर वेळी ठणकावून सांगा, नाहीतर तो सवयीने रेग्युलरचं बटण दाबतो.

विकणारा "इन्स्पेक्शन स्टिकर नवा आहे" म्हणून मिरवत असेल तर हसून सोडून द्या. जर्सीत २०१० पासून साध्या गाड्यांची मेकॅनिकल तपासणी बंद झाली, आता फक्त धूर बघतात, ब्रेक आणि सस्पेन्शनशी त्या स्टिकरचा काही संबंध नाही. उलट ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावून मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या धुराच्या चाचण्या, "रेडी" आहेत का ते बघा, सगळे "नॉट रेडी" असतील तर कोणीतरी सकाळीच चेक इंजिन लाइट पुसलाय. २०१२ च्या सँडी वादळात जर्सीतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, त्या काळात इथे असलेली गाडी असेल तर टायटलचा इतिहास आणि कार्पेटखालचा वास दोन्ही तपासा.

होंडा एस२००० का नाही विचाराल, तर भाव हाताबाहेर गेलेत. सी५ कॉर्व्हेट चालेल, इंजिन दणकट, पार्ट स्वस्त, पण चालवायला मला ती फार मोठी वाटते, ही माझी आवड.

माझं मत विचाराल तर, हाताला ग्रीस लागलेलं चालत असेल किंवा घरी आधीच "अजून एक गाडी कशाला" चालू असेल तर मियाटा, भांडणही लवकर मिटतं. मुळात पोर्शेच हवी असेल, तर पावत्यांची फाइल असलेली जास्त मैलांची, आणि तीही आयएमएस झालेली. कमी मैलांवाली घ्यायचीच तर एकाच अटीवर, क्लच-बेअरिंग, टायर, कूलंट टाकी, वॉटर पंप या सगळ्याचं एस्टिमेट लिहून घ्यायचं आणि तेवढे पैसे मागितलेल्या भावातून कमी करायला सांगायचे. मालक बहुतेक नाही म्हणेल. नोव्हेंबरमध्ये परत फोन करा, थंडी पडली की उघड्या छताच्या गाडीला गिऱ्हाईक नसतं आणि बर्फाच्या मशीनसाठी त्याला गराज मोकळं हवं असतं.