कडकनाथची ‘काळी अंडी’ आणि आमच्या गटाचे १ लाख १५ हजार

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. त्यांच्याकडे कुणी साहेब आलाय, कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, देतो म्हणतोय, अंडीही परत घेणार आहे, करार करू का? ऐकून पोटात गोळा आला. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही पाचजणी यातून गेलो आहोत.

मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात राहते. आमच्या बचत गटातल्या पाचजणींनी २०२२ मध्ये प्रत्येकी १०० पिल्लं घेतली. महिन्याचं पिल्लू १८० रुपयांना, शिवाय ५,००० रुपये नोंदणी. म्हणजे एकीचे २३,००० आणि पाचजणींचे मिळून १ लाख १५ हजार. त्यातले बरेचसे गटाच्या कर्जातले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला, त्यात अंडं ३५ रुपयांना परत घेणार असं स्पष्ट लिहिलं होतं.

आम्हाला पिल्लं देणाऱ्या साहेबानं येताना सहा अंड्यांचा ट्रे आणला होता. अंडी कोळशासारखी काळी. “शुद्ध कडकनाथचं अंडं असंच असतं, शहरात औषध म्हणून जातं,” म्हणाला. एक अंडं त्यानं मला नमुना म्हणून दिलं. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, काळ्या कोंबडीचं अंडं काळं कुठं असतंय व्हय? काळी म्हस पांढरंच दूध देती की.” जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईचं हे बोलणं मी कानाआड केलं. मोबाईलवर काळ्या अंड्यांचे फोटो पाहिले होते आणि ते मला जास्त खरे वाटले.

पिल्लं छोटा हत्ती टेम्पोतून आली. शंभरात ९० माद्या आणि १० नर, अगदी मोजून. माद्या चोचीपासून नखांपर्यंत काळ्या, मानेवर थोडी तांबूस झाक. “हे गोल्डन कडकनाथ,” साहेब म्हणाला. नर मात्र फिके होते. पायाच्या नळ्या राखाडी, आणि एकाची चोच उघडून पाहिली तर जीभ गुलाबीसर. विचारलं तर म्हणाला, “नर थोडे फिकेच असतात, ताई.” हे साफ खोटं होतं. अस्सल कडकनाथात नर असो की मादी, तुरा, जीभ, कातडी, मांस, सगळं काळंच असतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचे भिल्ल लोक त्याला कालीमासी म्हणतात ते उगीच नाही.

कोंबड्या चांगल्या वाढल्या. लसी वेळेवर झाल्या, मानमोडी आली नाही, मुंगसानं नेल्या त्या चारच. पाच महिने होताच अंडी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही घाबरलो. एकही अंडं काळं नाही! सगळी तपकिरी, चहाच्या रंगाची. साहेबाला फोन केला, तर त्यानं एक पावडर सुचवली. १,२०० रुपये किलो, खाद्यात मिसळायची, महिन्याभरात कवच काळं होतं म्हणे. तीही आम्ही घेतली. दोन महिन्यांनी गाडी आली, त्यानं ट्रे पाहिले आणि म्हणाला, “ही आमच्या पक्ष्यांची अंडी नाहीत. तुम्ही कोंबड्या बदलल्या, करार मोडला.” त्यानंतर गाडी आली नाही आणि फोनही लागला नाही.

गाडी येऊन गेली त्याच रात्री आत्यांनी शोकेसमधलं नमुन्याचं अंडं काढलं. तांब्याची भांडी घासायला भिजवलेली चिंच मोरीत होती, तिचा कोळ लावून अंगठ्यानं घासायला लागल्या. आधी बोट काळं झालं, मग अंड्याला एक करडा पट्टा दिसला आणि मग खालून पोल्ट्रीचं पांढरंशुभ्र कवच निघालं. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एकीनं तिथंच तोंडाला पदर लावला.

पुढचं सगळं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. आधी त्यांच्याकडे गेलो असतो तर पैसे वाचले असते, म्हणून नीट लिहिते.

कोंबडीच्या अंड्याला मुळात दोनच रंगद्रव्यं असतात. एक तपकिरी, एक निळं. काळं नावाचं द्रव्यच नाही. कवच कोंबडीच्या पोटात साधारण वीस तासांत तयार होतं. तपकिरी रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो, म्हणून तपकिरी अंडं फोडलं की आतून पांढरं दिसतं. हा रंग एकाच नव्हे तर अनेक जनुकांनी ठरतो, त्यामुळे मिश्र कोंबड्यांत फिक्या बदामीपासून गडद तपकिरीपर्यंत सगळ्या छटा येतात. आणि तो ठरतो कोंबडीच्या वंशावर, खाद्यावर नाही. खाद्यानं बदलतो तो बलक. मका, घास, झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक केशरी होतो. कवच फिकं पडतं ते कोंबडीचं वय वाढलं, तिला आजार झाला किंवा धसका बसला की. कुठल्याही पावडरीनं ते काळं होत नाही.

कडकनाथचं अंडं फिकं, मलईसारखं किंवा किंचित गुलाबी-तपकिरी असतं, आणि एक कोंबडी वर्षाला साधारण शंभराच्या आसपासच देते. आमच्या कोंबड्या प्रत्येकी महिन्याला पंधरा-सोळा देत होत्या. डॉक्टर म्हणाले, अंडी इतकी जास्त आणि इतकी तपकिरी आहेत म्हणजे यांची आई बहुधा ऱ्होड आयलंड रेड, आपण जिला आरआयआर म्हणतो ती, आणि बाप कडकनाथ.

मग माद्या इतक्या काळ्या कशा? खरी फसगत इथं आहे. कडकनाथचं काळेपण पुढच्या पिढीत उतरतं, पण ते दाबून ठेवणारा एक वेगळा गुण आरआयआरसारख्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत असतो. तो गुण आई फक्त मुलांना देते, मुलींना देऊच शकत नाही. त्यामुळे बाप कडकनाथ असला की मुली पूर्ण काळ्या आणि मुलगे फिके निघतात. बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी कडकनाथसारख्याच काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी घेऊन १९११ सालीच हे लिहून ठेवलंय. म्हणजे ९० माद्या मोजून देता आल्या त्याच मुळी नुसत्या पायांचा रंग बघून. जे आम्हाला शुद्धतेची खूण वाटलं, तीच मिश्रणाची खूण होती.

खात्री करायला आमच्याच खुडूक गावरान कोंबडीखाली या कोंबड्यांची सोळा अंडी रवणीला ठेवली. एकविसाव्या दिवशी चौदा पिल्लं निघाली. काळी फक्त पाच. बाकीची तांबडी, राखाडी, चट्ट्यापट्ट्यांची, आणि दोघांचे पाय तर हळदीसारखे पिवळे. शुद्ध जोडीच्या पोटी असं होत नाही.

म्हणून मावसबहिणीला सांगितलं, नुसतं पिल्लू बघून पैसे देऊ नको. त्याच्या फार्मवर जा, आई आणि बाप दोघंही बघ, कोंबड्याची चोच उघडून जीभ बघ. आधी घेतलेल्या कुणाकडे त्याच पक्ष्यांची दुसरी पिढी असेल तर ती बघ. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन दाखवलं म्हणून समोरचं पिल्लू शुद्ध ठरत नाही. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात पिल्लं मिळतात, थांबावं लागलं तर थांब. आणि आमच्या बाजारात ज्या अंड्याला दहा-पंधरा रुपये मिळतात ते कुणी ३५ ला परत घेतो म्हणाला, तर त्याचा धंदा अंड्यांचा नाही, पिल्लांचा आहे. आपल्याकडे आधी इमूच्या योजना अशाच बुडाल्या आणि २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या योजनेत कितीतरी शेतकरी अडकले. ते मला माहीत होतं. आपला साहेब वेगळा आहे असं वाटलं, एवढंच.

आता निळ्या अंड्यांचे मेसेज फिरताहेत. निळं अंडं खरंच असतं. चिलीच्या अराउकाना कोंबडीत आणि चीनच्या काही जातींत ते जनुक आहे. त्यावर तपकिरी चढलं की अंडं हिरवट दिसतं. पण निळा रंग कवचात आरपार असतो. फोडून आतून बघा. बाहेर निळं आणि आत पांढरं असेल तर ते रंगवलेलं आहे.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. करार, पावत्या आणि चिंचेनं अर्धं धुतलेलं ते अंडं डब्यात जपून ठेवलंय. कोंबड्या अजून आहेत, त्यांचा काय दोष? त्यांची अंडी आम्ही रविवारच्या बाजारात ‘क्रॉस कोंबडीची’ असं सांगूनच विकतो, दहा रुपयांना. पाचजणींपैकी तिघींचं कर्ज फिटलंय. दोघींचे हप्ते अजून बाकी आहेत आणि ते आम्ही पाचजणी मिळून भरतोय.