हाड जुळायच्या आत सही मागतात

पुण्यात नवले पुलाजवळ किंवा हडपसरला दुचाकीला धडक बसली, पायात रॉड पडला, की दोन-चार दिवसांत वॉर्डाबाहेर एक गृहस्थ, म्हणजे दाव्याचा एजंट, हजर असतात. बोलणं गोड, हातात फाइल. 'काका, कोर्टकचेरी कशाला? वकील तीस-तीस टक्के खातात. विमा कंपनीत आपली ओळख आहे, महिन्याभरात साठ हजार मिळवून देतो. इथं फक्त सही करा.' एफआयआर कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवलाय, गाडीचा विमा कुणाचा, हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. घरचे बिलाच्या काळजीत असतात, साठ हजार ऐकून जीव भांड्यात पडतो. फसवणूक होते ती इथेच.

वकिलाशिवाय दावा करता येतो, हे तो खरंच सांगत असतो. शिवाजीनगर कोर्टातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतः अर्ज करायला कुणाची आडकाठी नाही. वकील नको म्हणजे एजंट हवा, हे मात्र तो मधेच घुसडतो.

आता साठ हजारांचा हिशेब लावू. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे 'गंभीर दुखापत' आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार अशा दुखापतीला, चूक कुणाची हे न बघता, अडीच लाख रुपये भरपाई ठरलेली आहे (मृत्यूला पाच लाख). म्हणजे एजंट देतो म्हणतो ते कायद्याने ठरवलेल्या रकमेच्या पावपटही नाही. कलम १६६ खाली चूक सिद्ध करून दावा केला तर रकमेला वरची मर्यादा नाही. पण कलम १६४ ची रक्कम स्वीकारलीत की १६६ चा अर्ज संपुष्टात येतो, हे पक्कं लक्षात ठेवा. अडीच लाख घेऊन बसायचं की पुढे लढायचं, हा निर्णय आकडे मांडून घ्यावा.

उदाहरण घ्या. भोसरीच्या वर्कशॉपमधला ३२ वर्षांचा वेल्डर, महिना अठरा हजार, पाय थोडा आखूड राहिलेला. वर्षाचे २,१६,००० रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगारवाल्याला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, झाले ३,०२,४००. वय ३१ ते ३५ ला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. आणि त्याची कामाची क्षमता १० टक्के घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर नुसत्या कमाईच्या नुकसानाचे ४,८३,८४० रुपये होतात. औषधं, सहा महिने बुडालेला पगार, माणूस ठेवण्याचा खर्च, वेदना हे सगळं त्यावर. दहा टक्के हा आकडा इथं समजायला घेतलाय. मांडणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतूनच आलेली आहे, गुणकांचा तक्ता २००९ चा आणि भविष्यवाढीची टक्केवारी २०१७ ची.

अपंगत्वाच्या टक्क्यावर सगळं उभं असतं, आणि तो प्लास्टर असताना कळतच नाही. गुडघा किती वाकतो, पायात किती फरक राहिला, हे हाड जुळल्यावर, फिजिओथेरपीनंतर दिसतं. घाईने सही मागतात ती म्हणूनच. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे जावं लागतं. टक्केवारी फक्त पायाची आहे की पूर्ण शरीराची, हे त्यावर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर विमा कंपनीचा वकील त्याच मुद्द्यावर रक्कम कापतो. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आधीच विचारून ठेवा.

दुसरी भीती दाखवतात मुदतीची. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, तेव्हा ती पाळाच. पण मुदत अर्जाची असते, प्रमाणपत्राची नाही. अर्ज आधी टाका, प्रमाणपत्र मागाहून जोडता येतं. राहता पुण्यात असाल तर अपघात सोलापूर रोडवर लांब कुठे झालेला असला तरी अर्ज इथेच करता येतो.

कागद स्वतःकडे ठेवा: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, एमएलसी नोंद (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद), डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, औषधांच्या मूळ पावत्या, पगाराचा किंवा बँकेचा पुरावा. मूळ कागद एजंटाच्या पिशवीत एकदा गेले की तो म्हणेल तीच रक्कम. २०२२ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. मेडिक्लेममधून बिल भागलं म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा २०२५ चा निकाल आहे. 'औषधांचे पैसे तर मिळालेच ना' म्हणणाऱ्याला तो दाखवा.

तडजोड करायला हरकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ खाली विमा कंपनीचा अधिकारी प्रस्ताव देतो आणि तो मान्य झाला की न्यायाधिकरण तशी नोंद करतं. लोकअदालतीतही मिटतं, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. झेरॉक्सच्या दुकानात पाचशेच्या स्टॅम्पवर 'संपूर्ण व अंतिम' असं लिहून घेतलेलं मात्र यात कुठेच बसत नाही. त्या कागदाच्या बाजूला बहुतेक वेळा कोरा वकीलनामा (वकील नेमल्याचा कागद), एक कोरा सही केलेला चेक आणि 'भरपाईसाठी बँकेत खातं उघडून देतो'ची थाप असते. खात्याला मोबाइल नंबर एजंटाचा, म्हणजे ओटीपी त्याच्याच हातात.

टक्केवारीचं म्हणाल तर वकिलालाही निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगरलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

धडक देऊन पळालेली गाडी सापडत नसेल, तर 'आपण एखादी गाडी लावू', म्हणजे दुसरीच गाडी धडकल्याचं दाखवू, म्हणणारेही भेटतात. तो सरळ गुन्हा आहे आणि अर्जदार म्हणून अडकाल तुम्ही. अशा अपघाताला गंभीर दुखापतीचे ५०,००० आणि मृत्यूचे दोन लाख सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

सही आधीच करून बसला असाल तरी हात टेकू नका. त्या कागदाची प्रत, कॉल रेकॉर्डिंग, पैसे आल्याचा बँकेचा उतारा गोळा करा, कोरा चेक दिला असेल तर त्याच दिवशी बँकेला 'स्टॉप पेमेंट' द्या. न्यायाधिकरणात अर्ज करताना मिळालेली रक्कम लपवू नका, तीही लिहा, आणि सही कुठल्या परिस्थितीत घेतली तेही लिहा. फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात वेगळी द्या आणि तिची पोचपावती घ्या.