पेन ड्राइव्ह: 'क्विक रिमूव्हल' की 'बेटर परफॉर्मन्स'?

इंदूरला राजवाड्याच्या आसपास लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर भरून घेणारं गिऱ्हाईक कायम घाईत. "झालं ना दादा? द्या मग." विंडोजमध्ये ड्राइव्हला या दोनपैकी कोणतं सेटिंग आहे, ते इथे महत्त्वाचं.

'बेटर परफॉर्मन्स'मध्ये डेटा आधी रॅममध्ये साठतो, ड्राइव्हवर सवडीने उतरतो. हिरवी पट्टी भरते, खिडकी बंद होते, ड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकतच असतो. तेव्हा उपटलात तर शेवटचे फोटो उघडत नाहीत. कधी अख्खी फाइल सिस्टिमच बिघडते. म्हणून 'इजेक्ट' दाबायचंच. रॅममध्ये अडकलेला डेटा तेव्हा ड्राइव्हवर लिहिला जातो.

'क्विक रिमूव्हल'मध्ये हे कॅशिंग, म्हणजे रॅममध्ये आधी साठवणं, बंद. शेकडो बारीक फाइली असल्या की वेळ जाणवतो, पण पट्टी भरली आणि दिवा थांबला की काढायला हरकत नाही. विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून हेच डीफॉल्ट आहे, आणि दुकानासाठी मला तेच पटतं. (कॉपी चालू असताना ओढलं तर तेही वाचवणार नाही.)

कायम जोडलेल्या एडिटिंगच्या हार्ड डिस्कला 'बेटर परफॉर्मन्स' चालेल, पण वीज गेली तर रॅममधला डेटा जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'सिंक' (sync, उरलेला डेटा ड्राइव्हवर लिहायची कमांड) द्यावं, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत ड्राइव्हला हात लावू नये.