रजिस्ट्रेशन झाल्यावर फाईल कशी मिळायला हवी: दापोलीतल्या वकिलांचा आमचा अनुभव

आंजर्ल्याच्या बाजूला आम्ही जुनं चिऱ्याचं घर आणि त्याच्याभोवतीची कलमांची थोडी जागा घेतली, त्याचं सगळं कागदपत्रांचं काम दापोलीतल्या एका वकिलांनी केलं, त्याबद्दल लिहितेय. नाव टाकत नाहीये, कारण बार कौन्सिलच्या नियमात वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि ते स्वतःच म्हणाले की लिहायचं तर कामाबद्दल लिहा, माझं नाव नको. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

खरेदीच्या आधी टायटल बघणं, ड्राफ्ट करणं, दुय्यम निबंधकाकडे टोकन घेऊन उभं राहणं हे बरेच वकील नीट करतात. पण एकदा अंगठे झाले, फोटो झाले, पेढे वाटले की पुढे काय? आमच्या नात्यातल्या एकांनी मागे असंच घर घेतलं तेव्हा त्यांच्या वकिलांनी खरेदीखताची झेरॉक्स हातात ठेवली आणि मग फोनच उचलेनात, मूळ कागद मिळवायलाच त्यांना इतका त्रास झाला की सातबाऱ्यावर नाव लावायचं राहूनच गेलं आणि घरपट्टी अजून जुन्या मालकाच्या नावाने येते. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत विचारलं होतं की काम संपल्यावर तुम्ही आम्हाला नक्की काय काय देणार. त्यावर ते म्हणाले, "रजिस्ट्री झाली म्हंजे तुमचं काम झालं असं नाही हो ताई, माझं अर्धं काम त्यानंतरच आहे." आणि खरंच तसं केलं त्यांनी.

तर फाईलमध्ये काय मिळालं. सगळ्यात वर मूळ नोंदणीकृत खरेदीखत, प्रत्येक पानावर दस्त क्रमांक आणि शिक्का आहे का ते त्यांनी आमच्यासमोर पान उलटून उलटून बघितलं. त्याच्यासोबत नोंदणी फीची मूळ पावती, स्टँप ड्युटीचं ग्रास चलन (सरकारी ऑनलाईन भरण्याची पावती) आणि ते डिफेस झाल्याचा, म्हणजे वापरलं गेल्याचा प्रिंट. हा डिफेसचा कागद फार लोक घेत नाहीत, पण चलन नुसतं भरून चालत नाही, ते त्याच दस्तासाठी वापरलं गेलं हे त्यावरून कळतं. मूल्यांकनाचं पत्रकही लावलंय, म्हणजे रेडी रेकनरने सरकारी किंमत किती धरली आणि ड्युटी कशावर भरली ते उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं. नोंदणी फी आपल्याकडे १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ही सगळी पावत्यांची थप्पी पुढे घर विकायची वेळ आली तर कॅपिटल गेनच्या हिशोबात उपयोगी पडते कारण स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी घराच्या खर्चातच धरली जाते, हे त्यांनीच सांगितलं, आमच्या सीएने नंतर.

मग इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. हा कागद बँक, ग्रामपंचायत, महावितरण सगळेच मागतात. यातली माहिती डाटा एन्ट्रीतून येते म्हणून दस्तात बरोबर असलं तरी एन्ट्रीत गट नंबर किंवा हिस्सा नंबर चुकला तर इंडेक्समध्ये चुकीचाच येणार. वकिलांनी रजिस्ट्रेशनच्या आधी एन्ट्रीचा प्रिंट काढून आम्हाला आणि विकणाऱ्यांना दोघांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यात हिस्सा नंबरातला एक आकडा खरंच उलटा पडला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला. नंतर सापडला असता तर चूकदुरुस्ती लेख करा, सगळ्या विकणाऱ्यांना परत गोळा करा, परत नोंदणी करा. आणि आमचे विकणारे म्हणजे ठाण्याचे एक काका, त्यांच्या दोन बहिणी आणि एक पुतण्या जो आखातात असतो, त्यांना पुन्हा एका टेबलावर आणणं म्हणजे गणपतीच नाहीतर शिमगाच.

कोकणात घर घ्यायचं म्हटलं की हे आलंच. सातबाऱ्यावर एक नाव कधीच नसतं. आजोबा वारले, मुलं मुंबईला गेली, बहिणींची नावं कधी लागली कधी नाही, कोणी हक्कसोड केलं म्हणजे आपला हिस्सा सोडला ते नोंदवलं पण फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) पडला नाही, असं सगळं. त्यामुळे नुसतं आपलं खरेदीखत असून भागत नाही, त्याच्या मागची साखळी हातात पाहिजे. आमच्या फाईलमध्ये जुने फेरफार अगदी हस्तलिखित आहेत तेसुद्धा, वारस नोंदीचा फेरफार, बहिणींपैकी एकीने आधी केलेलं हक्कसोडपत्र, पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) आणि त्याच्यासोबत ते रद्द केलेलं नाही, देणारा हयात आहे असं घोषणापत्र, सगळं क्रमाने लावलंय. सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, ३० वर्षांचा, आणि नुसता रिपोर्ट नाही तर सर्चसाठी भरलेल्या फीच्या पावत्या पण. जाहीर नोटीस दिली होती तिचं नुसतं कात्रण नाही, पेपरचं अख्खं पान, वर तारीख दिसेल असं. आणि मुदतीत कोणाची हरकत आली नाही असं त्यांच्या सहीचं पत्र.

एक गोष्ट मी आधी ऐकलीच नव्हती. आमची जागा शेतीची आहे, घर त्यात आहे, आणि कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. माझ्या मिस्टरांच्या वडिलांची संगमेश्वरला जमीन आहे म्हणून आम्हाला अडचण आली नाही, पण त्या शेतकरी असल्याच्या पुराव्याची प्रत, म्हणजे तिकडचा सातबारा आणि दाखला, ह्या फाईलमध्येही कायमचा लावून ठेवलाय. त्यांचं म्हणणं, वीस वर्षांनी कोणीतरी विचारील की तुम्ही ही जमीन घेतलीत कशी, तेव्हा धावपळ नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाट आणि विहीर. शहरातून येणाऱ्याला हे सुचतच नाही. घराकडे यायची वाट दुसऱ्याच्या गडग्याच्या आतून जाते आणि विहीर शेजाऱ्यांबरोबर सामायिक आहे. पिढ्यान् पिढ्या वापरतायत, कोणी अडवलं नाही, पण कागदावर नव्हतं. वकिलांनी खरेदीखतात वाटेची रुंदी, कुठल्या गटातून जाते, विहिरीतला हिस्सा, पंप बसवायचा हक्क हे सगळं लिहिलं, नकाशावर वाट रंगवून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि ज्यांच्या जागेतून वाट जाते त्यांचंही संमतीपत्र घेतलं. मोजणीची क प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) आधीच काढून घेतली होती ती पण फाईलमध्ये. ह्या एका कामासाठी मी त्यांना दहा जणांकडे पाठवीन. आमच्या वाडीत वाटेवरून कोर्टात गेलेली घरं आहेत, सख्ख्या भावांत बोलणं बंद आहे.

फाईलचा दुसरा भाग रजिस्ट्रेशननंतर हळूहळू भरत गेला. नोंदणी झाली की माहिती ऑनलाईन महसूल खात्याकडे जाते, तलाठी फेरफाराची नोंद धरतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आपोआप होतं म्हणून लोक निवांत राहतात. नोटीस 'आपली चावडी' ह्या महसूल खात्याच्या वेबसाईटवर दिसते ती वकिलांनी आम्हाला लिंक पाठवून दाखवली, आणि नोंद मंजूर झाल्यावर फेरफाराची प्रत आणि आमच्या नावाचा डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) दिला. डिजिटल सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत निघतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

पण सातबारा झाला म्हणजे घर झालं असं नाही, इथेच बहुतेक जण अडकतात. गावात जमीन महसूलच्या दप्तरात आणि घर ग्रामपंचायतीच्या दप्तरात, दोन्हीचा एकमेकांशी आपोआप संबंध नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण असेसमेंटचा उतारा म्हणतो, त्यावर नाव बदलायला वेगळा अर्ज करावा लागतो. त्या अर्जाची पोच, नवीन उतारा, घरपट्टीची आमच्या नावाची पहिली पावती, जुन्या मालकाची थकबाकी नाही असा दाखला, हे सगळं त्यांनी मागे लागून मिळवून दिलं. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की असेसमेंट काय किंवा फेरफार काय, हे कर आणि महसुलासाठी असतं, मालकी ठरते ती खरेदीखताने आणि मागच्या साखळीने. म्हणून असेसमेंटवर नाव आहे ना मग झालं, असं कोणी सांगून घर विकत असेल तर थांबा. वाडीतली बरीच घरं गावठाणात आहेत, तिथे सातबाराच नसतो, तिथे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघालीय का ते विचारा, निघाली असेल तर तिच्यावरही नाव लावून घ्या. महावितरणचं मीटर आमच्या नावावर व्हायला इंडेक्स टू आणि जुनं बिल पुरलं.

फ्लॅट घेणाऱ्यांचे कागद थोडे वेगळे. माझ्या बहिणीने रत्नागिरीत फ्लॅट घेतला तेव्हा ह्याच वकिलांचा फोनवर सल्ला घेतला होता, त्यांनी तिला भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर ट्रान्सफर झालेलं, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि बिल्डरपासूनचे सगळे अॅग्रीमेंट ओरिजिनल मागायला सांगितले. आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याच्या वर असेल तर घेणाऱ्यानेच १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, त्याचं चलन आणि सर्टिफिकेटची प्रत आपल्या फाईलमध्येही ठेवायची.

लोन असेल तर ओरिजिनल बँकेत जातात. बहिणीला त्यांनी सांगितलं की बँकेकडून कागदपत्रांची यादी सही-शिक्क्यासह घे आणि त्या यादीत प्रत्येक दस्ताचा नंबर आणि पानं लिहिलेली पाहिजेत, नुसतं 'टायटल डीड्स' असं नको. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये नियम केलाय की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाही दिले आणि उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. पण काय दिलं होतं हेच लिहिलेलं नसेल तर भांडणार कशावर.

कागद ठेवायचे कसे हेही सांगितलं त्यांनी, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते आणि वाळवीचं तर विचारू नका. खरेदीखत लॅमिनेट करू नका, नंतर शिक्का आणि शाई तपासता येत नाही. ओरिजिनल गावच्या घरात ठेवू नका, आम्ही ठाण्याला नेलं. गावात फक्त प्रतींची एक फाईल असते, सरपंचांकडे किंवा तलाठ्यांकडे जायला पुरते.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे फेरफार आणि ग्रामपंचायतीच्या कामाची फी वेगळी आहे हे सुरुवातीला स्पष्ट बोलले नाहीत, आम्ही धरून चाललो होतो की सगळं एकातच आहे. रक्कम वाजवी होती आणि शेवटी खर्चाचा सगळा हिशोब पावत्यांसकट लिहून दिला, फीची पावती पण दिली, तरी आधी सांगायला पाहिजे होतं. दुसरं, त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले स्कॅन इतके अंधुक होते की जुन्या मोडी वळणाच्या नोंदी वाचताच येत नव्हत्या, शेवटी आम्ही दापोली स्टँडजवळ परत स्कॅन करून घेतलं. आणि कोर्टाच्या वेळात फोन लागत नाही, संध्याकाळीच लागतो, शिवाय मेमध्ये चाकरमानी आले की त्यांच्या ऑफिसबाहेर पायरीवर बसायलाही जागा नसते. काम असेल तर पावसाळ्यात गाठा, तेव्हा निवांत बसून एकेक कागद समजावून सांगतात.