सेल्यालँड्सफॉस: छत्री गाडीतच राहू द्या

आइसलँडचा हा धबधबा मी दोनदा पाहिला, पण पहिली खेप मी हिशेबातच धरत नाही. टूरच्या बसने भर दुपारी उतरवलं, चाळीस मिनिटं दिली, आणि त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. उरलेल्या वेळात मी मोठ्या शहाणपणाने छत्री उघडली. वाऱ्याने तिची तिथल्या तिथे परडी केली. मोडक्या काड्या सावरत समोरून दोन फोटो काढले आणि बसमध्ये जाऊन बसले. पाण्याच्या मागून वाट आहे हे ठाऊक होतं, पण गाइडचं लक्ष घड्याळाकडे. समोरून बघायचं तर साठेक मीटर उंचीवरून पडणारी बारीकशी धार आहे. छान आहे, पण एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं, असंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, परत जाऊ. या वेळी आपल्या मर्जीने." भाड्याची गाडी घेतली. राजधानी रेक्याविकहून रिंग रोडने (देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता) साधारण दोन तास, आणि धबधबा त्या रस्त्याला अगदी लागूनच. जूनचा शेवटचा आठवडा होता. रात्री साडेनऊला पोचलो तर लख्ख ऊन! धबधब्याचं तोंड पश्चिमेकडे, त्यामुळे उतरतं ऊन थेट पाण्यावर येतं. दुपारी भरलेल्या पार्किंगमध्ये आता मोजून सात गाड्या. (धबधबा बघायला तिकीट नाही, पण पार्किंगचे पैसे पडतात.) उन्हाळ्यात जाणार असाल तर जेवून, निवांत, रात्रीच जा.

आता वाटेबद्दल. सुरुवातीला खडीची सोपी पायवाट आहे. कड्याच्या पोटात शिरलं की चिखल आणि ओले दगड. खालचा मऊ खडक झिजत गेलाय, वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहिलाय. त्या छपराखालून चालायचं. पाऊस वरून येतो, ही आपली समजूत इथे मोडते. इथे पाणी खालून येतं. खाली आपटून उडालेले तुषार वाऱ्याबरोबर नाकात, बाहीत, टोपीच्या आतसुद्धा. माझं जॅकेट चांगलं होतं, पण त्यावरून ओघळलेलं सगळं पाणी साध्या पँटवर आणि तिथून बुटात. वॉटरप्रूफ पँट हवीच. कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कोरडं फडकं, तेही आतल्या खिशात.

माझा चष्मा जाड भिंगांचा, उणे साडेसहाचा. अर्ध्या वाटेवर काचांवर इतके थेंब जमले की समोरच्याची पाठही दिसेना. पुसला की पुन्हा तेच. शेवटी काढून खिशात टाकला, भाचीचा दंड धरला आणि थांबले. नंबरवाल्यांना सांगते, हे मुद्दाम करून बघा. पाण्याची धार अशी दिसेचना. समोर एक हलता सोनेरी पडदा, आणि त्यापलीकडे हिरव्या रंगाचा सपाट पट्टा. तो पट्टा म्हणजे किनाऱ्यापर्यंत गेलेली सखल जमीन. एके काळी समुद्र या कड्यालाच टेकलेला होता. आवाज तर कानांपेक्षा बरगड्यांत जास्त जाणवत होता. भाची काहीतरी बोलत होती. मी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना मात्र जपून. तिथे ओल्या खडकांवरून हात टेकत चढावं लागतं, मग लोखंडी जिना लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर मधूनच मागे फिरा, काही चुकत नाही. मी फिरले नाही, आणि रात्री गुडघ्याने ते ऐकवलं. हिवाळ्यात बर्फ धरला की ही वाट बंद ठेवतात. साखळी ओलांडून जाणाऱ्यांचं कौतुक करू नये.

या पाण्याचा उगम एयाफ्यात्लायोकुत्लच्या हिमटोपीत. २०१० साली ज्याच्या राखेमुळे युरोपातली विमानं जमिनीवर बसली, तोच ज्वालामुखी. (नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही.) पुढे तीसेक किलोमीटरवर स्कोगाफॉस आहे. तोही साठ मीटरचाच, पण चांगला रुंद आणि समोरून कितीतरी भारदस्त. फक्त त्याच्या मागे जाता येत नाही.

सेल्यालँड्सफॉसपासून पायी जेमतेम दहा मिनिटांवर ग्ल्यूव्राबुई हा आणखी एक धबधबा आहे, नावाचा अर्थ घळीत राहणारा. आमच्या बसवाल्याने तिकडे नेलं नव्हतं. ओढ्यातल्या दगडांवर पाय देत फटीतून आत शिरावं लागतं. माझा एक दगड चुकला. म्हटलं, बूट तसेही भिजलेत, आणि उरलेली वाट सरळ पाण्यातूनच चालले. हॉटेलच्या हीटरवर ते बूट दोन रात्री होते, तिसऱ्या दिवशी ओलेच घातले.